कांद्याचा जंतू आणि जेलची बाटली : नाशिकच्या एका आयसीयूतलं प्रकरण

रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालयाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसे झाले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

नाशिक शहरातलं दीडशे खाटांचं रुग्णालय. आयसीयू अठरा खाटांचा. शहरातले रुग्ण असतातच, पण निम्म्याहून जास्त निफाड, चांदवड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतून येतात. बरेचदा आधी गावच्या दवाखान्यात दोन-तीन दिवस काढून आलेले असतात. मी इथल्या प्रयोगशाळेत मायक्रोबायोलॉजिस्ट आहे.

रक्तात जंतू सापडणं ही आमच्यासाठी रोजची गोष्ट. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय ही नावं इतकी सवयीची की फोनवर अर्धं नाव घेतलं तरी आयसीयूतल्या सिस्टरना कळतं. बर्खोल्डेरिया सेपेशिया हे नाव मात्र वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी यायचं. ते मार्चच्या शेवटी एका रुग्णाच्या रक्तात आलं, तेव्हा मी रिपोर्टवर 'कंटॅमिनेशनची शक्यता, पुन्हा नमुना पाठवा' असं लिहिलं. हा जंतू पाण्यात, मातीत आणि कधीकधी अँटिसेप्टिकच्या बाटलीतही तग धरतो. त्यामुळे रक्त काढताना कातडीवरून बाटलीत उतरला असेल, हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. दुसरा नमुना आलाच नाही. आठवड्याने जंतू वाढवलेली ती प्लेट नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात गेली.

अडचण

पुढच्या दहा दिवसांत आणखी दोघांच्या रक्तात तोच जंतू सापडला. दोघांच्याही दोन वेगवेगळ्या हातांतून घेतलेल्या बाटल्या पॉझिटिव्ह होत्या. दोघांना थंडी वाजून ताप होता, एकाचं ब्लड प्रेशर खाली गेलं होतं. आता कंटॅमिनेशन म्हणून सोडून देण्याची सोय उरली नाही.

उपचारांची गोष्ट वेगळीच गंभीर होती. आपल्याकडे आयसीयूत ग्रॅम निगेटिव्ह (क्लेब्सिएला, ई. कोलाय ज्यात मोडतात त्या मोठ्या गटातल्या) जंतूचा संशय आला आणि रुग्ण खालावला, की कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं अँटिबायोटिक सुरू होतं. बर्खोल्डेरियावर कोलिस्टिन चालत नाही, जेंटामायसिनच्या गटातली औषधंही बहुधा चालत नाहीत. हा प्रतिकार त्याला कुठून मिळालेला नसतो, तो जन्मजातच असतो. दुसऱ्या रुग्णाला चार दिवस कोलिस्टिन चालू होतं. रिपोर्ट गेल्यावर औषध बदलून सेफ्टाझिडीम आणि कोट्रायमोक्साझोल दिलं, सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी काढली, तेव्हा कुठे ताप उतरला.

दोन्ही रुग्ण निफाड तालुक्यातले, कांदा उत्पादक घरातले. राउंडवर आमच्या एका ज्येष्ठ फिजिशियन सरांनी लक्षात आणून दिलं की हा जंतू मुळात कांद्याचाच आहे. ते खरंच आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतिरोगांचा अभ्यास करणाऱ्या वॉल्टर बर्खोल्डर यांनी १९५० साली कांद्याच्या सडीतून त्याचं वर्णन केलं. लॅटिनमध्ये कांद्याला 'सेपा' म्हणतात, त्यावरून सेपेशिया. तेव्हा तो स्यूडोमोनास या वंशातला मानला जायचा, १९९२ मध्ये त्याला बर्खोल्डर यांच्या नावाचा स्वतंत्र वंश मिळाला.

एप्रिल महिना, उन्हाळ कांद्याची काढणी जोरात, लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा. शेतकरी मातीत हात घालतो, हाताला जखमा असतात, जंतू आत जातो. गोष्ट इतकी नीट बसत होती की मलाही ती पटली. पटायचं आणखी एक कारण आज स्पष्ट दिसतं : या गोष्टीत दोष बाहेरचा होता, आमच्या आयसीयूचा नव्हता. नातेवाइकांना शेतात काय काम केलं, हाताला काही लागलं होतं का, असं विचारण्यात आमचे सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत आणखी एका रुग्णाला सेंट्रल लाइन घातली गेली. पुढे या यादीत तो पाचवा ठरला. हे सहा दिवस मला अजून टोचतात.

पहिला निर्णय : बाहेर शोधायचं की आत?

कांद्याची गोष्ट चौथ्या रुग्णाने मोडली. शहरातल्या सिडकोत राहणारे निवृत्त गृहस्थ. शेत नाही, गावी जाणं नाही. आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झालेले. दाखल झाले त्या दिवशीचं रक्ताचं कल्चर पाच दिवस ठेवूनही निर्जंतुक होतं, आणि नवव्या दिवशीच्या नमुन्यात बर्खोल्डेरिया वाढला. जंतू त्यांना इथेच मिळाला होता.

त्या रात्री मी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अशा तिन्ही रुग्णांच्या प्लेट्स शेजारी शेजारी मांडल्या. मॅककॉन्की या जंतू वाढवायच्या माध्यमावर आधी फिकट दिसणाऱ्या वसाहती चार-पाच दिवसांनी गडद गुलाबी-जांभळ्या होतात, तशा झाल्या होत्या. झाकण किलकिलं केलं की पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. प्लेट हुंगू नये हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते, पण हा वास न हुंगताही येतो. अँटिबायोटिकचे रिपोर्टही तिघांचे सारखे. मात्र सारखं दिसणं म्हणजे एकच असणं नव्हे. या गटात वीसहून जास्त प्रजाती आहेत आणि आमचं स्वयंचलित यंत्र त्या सगळ्यांना 'सेपेशिया ग्रुप' एवढंच नाव देतं. तीन भावांचं आडनाव एक, म्हणून तिघे एकच माणूस होत नाहीत.

कांद्याच्या तर्काची परीक्षा याच मुद्द्यावर घेता येणार होती. मातीत या जंतूचे असंख्य वाण असतात. वेगवेगळ्या शिवारांतून वेगवेगळ्या माणसांना लागण झाली, तर वाणही वेगवेगळे निघायला हवेत. एकच वाण निघाला, तर उगमही एकच आणि तो बहुतेक आमच्या भिंतींच्या आत.

कोणते पर्याय होते

बैठकीत मेडिकल सुपरिंटेंडेंट, आयसीयूचे प्रमुख, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आणि मी होतो. आयसीयू आठ दिवस बंद ठेवून धुवून काढावा, असं एक मत होतं. पण त्यासाठी गंभीर रुग्णांना हलवावं लागलं असतं, आणि उगम एखाद्या द्रावणात असेल तर ते द्रावण धुतलेल्या आयसीयूत पुन्हा पहिल्याच दिवशी आलं असतं. नुसत्या रेक-ए या एका जनुकाचा क्रम तपासणं स्वस्त होतं. त्यातून प्रजाती बऱ्यापैकी कळली असती, पण एकाच प्रजातीतले दोन रुग्ण एकाच साखळीतले आहेत का, हे सांगायला एक जनुक पुरत नाही.

राहिला पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूच्या डीएनएचा सगळा मजकूर वाचणं. या जंतूचा जीनोम साधारण ७० ते ८० लाख अक्षरांचा, म्हणजे ई. कोलायच्या दीडपटीहून मोठा, आणि तो एका वर्तुळात नसून तीन मोठ्या तुकड्यांत विभागलेला. सिक्वेन्सिंग म्हणजे काय, हे बैठकीत मी पोथीच्या भाषेत सांगितलं. एका पोथीच्या शंभर प्रती घ्यायच्या, सगळ्या फाडून दीडदीडशे अक्षरांचे तुकडे करायचे, मग तुकड्यांची टोकं जुळवत संगणकावर पोथी पुन्हा लावायची. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून एखादं अक्षर चुकतं आणि पुढच्या नकलेत ती चूक तशीच उतरते. जंतूचंही तेच. दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये दोन-चार अक्षरांचाच फरक असेल, तर ते अलीकडेच एका मूळ प्रतीपासून निघाले. हजारो अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचा या प्रकरणात एकमेकांशी संबंध नाही. किती फरकापर्यंत एकच साखळी मानायची याचा सगळ्या जंतूंना लागू पडणारा आकडा नाही, त्यामुळे अक्षरांच्या जोडीला रुग्णाच्या हालचालींची नोंद लागतेच.

सुपरिंटेंडेंट सरांनी सरळ विचारलं, "मॅडम, रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागणार. तोपर्यंत रुग्णांना त्याचा काय फायदा?" प्रश्न रास्त होता. एका नमुन्याला काही हजार रुपये लागणार होते आणि हा खर्च रुग्णाच्या बिलात टाकायचा नाही, याबद्दल मी ठाम होते. शेवटी ठरलं ते असं : सिक्वेन्सिंगला नमुने पाठवायचे, पण त्या रिपोर्टची वाट पाहत एकही पाऊल थांबवायचं नाही. खर्च रुग्णालय करेल.

काय केलं

बैठक दुपारी संपली. संध्याकाळपर्यंत आयसीयूतल्या सगळ्या उघड्या बाटल्या आणि व्हायल्स काढून टाकायच्या होत्या. इथेच एक चूक झाली. सूचना 'काढून टाका' अशी गेली, 'काढून लॅबमध्ये पाठवा' अशी गेली नाही. मी पोचले तोवर हेपरिनच्या अनेक वेळा वापरायच्या व्हायल्स आणि नेब्युलायझरची द्रावणं कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, सिस्टरनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. पण ते नमुने कायमचे गेले आणि त्यांच्याबद्दल हो किंवा नाही म्हणण्याचा आमचा हक्कही गेला.

उरलेलं सगळं लेबल लावून उचललं. हात धुण्याचं बेसिन, ह्युमिडिफायरचं पाणी, माउथवॉश, क्लोरहेक्सिडीन, सलाईन. यादी वाचून दाखवत असताना इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर सोनोग्राफी मशीनच्या ट्रॉलीपाशी थांबल्या. त्यांनी जेलची बाटली हातात घेतली आणि उलटी करून मला दाखवली. पांढरी, दाबायची बाटली. लेबल केव्हाच निघून गेलेलं, त्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने 'जेल' लिहिलेलं, आणि त्या पट्टीखाली आणखी दोन जुन्या पट्ट्या. तोंडाशी वाळलेल्या जेलचा पिवळसर थर.

"मॅडम, बाटली तीच असते. संपत आली की मामा मोठ्या कॅनमधून भरून देतात."

"धुतात का मधे?"

"संपूच देत नाहीत, मग धुणार कधी?"

सेंट्रल लाइन घालताना शीर नेमकी कुठे आहे हे बघायला सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवतात. प्रोबवर निर्जंतुक कव्हर हवं आणि जेलही एकदा वापरायचं निर्जंतुक पाकिटातलं हवं. दिवसा बहुतेक वेळा तसं व्हायचं. रात्री पाकिटं संपली की ट्रॉलीवरची बाटली होतीच. त्या जेलमधूनच सुई आत जायची.

जेलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून पॅराबेनसारखी रसायनं घालतात. बर्खोल्डेरियाचे काही वाण हे पॅराबेनच मोडून खातात. २०२१ साली अमेरिकेत याच गटातला बर्खोल्डेरिया स्टॅबिलिस हा जंतू सोनोग्राफीच्या जेलमधून अनेक राज्यांतल्या रुग्णांपर्यंत पोचला होता. हे वाचलेलं होतं. पण आमच्या ट्रॉलीवरच्या बाटलीकडे त्या नजरेने मी कधी पाहिलं नव्हतं.

बाटलीतल्या जेलचं कल्चर ४८ तासांत वाढलं. पॉलिमिक्सिनच्या, म्हणजे कोलिस्टिनच्याच गटातल्या औषधाच्या चकतीला खेटून वसाहती उगवल्या होत्या, आणि तोच मातीचा वास. बेसिनमध्ये स्यूडोमोनास मिळाला, बाकी ठिकाणी काही नाही. त्याच दिवशी रुग्णालयातल्या सगळ्या भरायच्या बाटल्या जप्त झाल्या. सेंट्रल लाइन घालायला निर्जंतुक पाकिटातलं जेल सक्तीचं केलं आणि पाकिटांचा साठा मशीनच्या ट्रॉलीतच ठेवला, कपाटाला कुलूप लावून नाही.

दरम्यान रुग्ण सात झाले होते. पाचव्या, सहाव्या आणि सातव्याला लागण बाटली काढण्याआधीच झालेली होती. सातपैकी सहा जणांचे जंतू माझ्याकडे होते. पहिल्याचा ऑटोक्लेव्हमध्ये गेलेला. सहा जंतू आणि बाटलीतला सातवा, यांचा डीएनए आमच्याच प्रयोगशाळेत वेगळा केला. जिवंत जंतू कुरिअरने पाठवायचे तर तीन थरांचं पॅकिंग आणि सोबतची कागदपत्रं लागतात, नुसता डीएनए पाठवणं सोपं आणि सुरक्षित. बर्फाच्या डब्यात सात छोट्या नळ्या पुण्याला गेल्या.

रिपोर्ट आणि एक न जुळणारा धागा

रिपोर्ट सोळाव्या दिवशी आला. पाच रुग्णांचे जंतू आणि बाटलीतला जंतू यांच्यात ७० लाखांहून जास्त अक्षरांपैकी जास्तीत जास्त चार अक्षरांचा फरक होता. सहाव्याची प्रजातीच वेगळी. तो सहावा म्हणजे यादीतला तिसरा रुग्ण, निफाडकडचा शेतकरी. त्याच्या फुप्फुसांना जुना आजार होता. त्याला हा जंतू शेतातून आला, कांद्याच्या चाळीतून आला की दुसऱ्या एखाद्या दवाखान्यातून, हे जीनोम सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. एवढं मात्र नक्की की ज्या दोघांवरून आम्ही कांद्याची गोष्ट रचली, त्या दोघांचे जंतू एकमेकांचे कोणीच नव्हते.

माझ्या मते सिक्वेन्सिंगचं खरं मोल पुढच्या गोष्टीत दिसलं. जुळणाऱ्या पाचांपैकी चौघांना रात्रीच्या पाळीत सोनोग्राफी बघून सेंट्रल लाइन घातली होती. पाचव्या, म्हणजे यादीतल्या सातव्या रुग्णाच्या फाइलमध्ये सेंट्रल लाइनही नव्हती आणि सोनोग्राफीचीही नोंद नव्हती. सिक्वेन्सिंग केलं नसतं तर या रुग्णाला आम्ही 'वेगळं प्रकरण' म्हणून बाजूला काढलं असतं. पण दोन अक्षरांचा फरक असताना ते शक्य नव्हतं. एक तर आमची नोंद अपुरी होती, नाही तर जंतूला जेलशिवाय दुसरी वाट होती आणि ती अजून उघडी होती.

सिस्टरनी मशीनच्या मेमरीत साठलेली चित्रं तारखेनुसार उघडून पाहिली. पहाटे ३ वाजून १० मिनिटांचं एक चित्र सापडलं. शीर सापडत नव्हती म्हणून रात्रीच्या डॉक्टरांनी प्रोब लावून दंडातल्या शिरेत साधी ड्रिपची सुई घातली होती. साधी सुई, म्हणून लिहायचं राहिलं. विचारल्यावर त्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं, काहीही लपवलं नाही. त्या एका चित्रामुळे आमचा नियमही बदलला. आधी आम्ही फक्त सेंट्रल लाइनपुरतं निर्जंतुक जेल सक्तीचं केलं होतं, आता ते सुई टोचायच्या प्रत्येक कामाला सक्तीचं झालं.

माणसांबाबतचे निर्णय

रिपोर्ट आल्यावर बाटली भरणाऱ्या मामांना मेमो द्यावा, असा विषय निघाला. मामा सोळा वर्षं इथे आहेत. बाटली भरू नका, असं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. उलट वेळेवर भरली नाही तर बोलणी बसायची. खरेदी विभाग पाच लिटरचे कॅन मागवत होता, आम्ही डॉक्टर त्या बाटल्या वापरत होतो आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या तपासणी यादीत जेल हा शब्दच नव्हता. ती यादी माझ्या सहीची. मेमो निघाला नाही. पुढच्या प्रशिक्षणात मामांनीच बाकीच्यांना जुनी बाटली दाखवली.

नातेवाइकांना सांगण्यात मात्र आम्ही कमी पडलो. सातपैकी दोघे दगावले. एकाचा मूळ आजारच फार पुढे गेलेला होता. या दोघांपैकी दुसऱ्याच्या मृत्यूत या संसर्गाचा वाटा होता, असं माझं मत आहे आणि मी ते लेखी दिलं. बाटलीचं कल्चर आलं त्या दिवशीच कुटुंबांना कळवावं, असं मी म्हटलं. 'पूर्ण रिपोर्ट येऊ दे' असं ठरलं. मी आणखी भांडायला हवं होतं. अडीच आठवड्यांनी आयसीयूचे प्रमुख आणि मी त्या रुग्णाच्या मुलाला भेटलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला हे बाबा असतानाच माहीत होतं का?" बाबा असताना माहीत नव्हतं. पण ते गेल्यानंतर दोन आठवडे माहीत होतं, हेही मला त्याला सांगावं लागलं.

निष्पत्ती

बाटल्या काढल्यानंतर पुढच्या सहा महिन्यांत आयसीयूत या वाणाचा एकही रुग्ण मिळाला नाही. पाच जण बरे होऊन घरी गेले.

जेल कारखान्यातूनच दूषित आलं होतं की आमच्या बाटलीत बिघडलं, हे ठरवता आलं नाही. सीलबंद कॅन उघडून तपासले, त्यात काही वाढलं नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये वापरलेल्या लॉटचा एकही कॅन शिल्लक नव्हता. रिकामे कॅन भंगारात गेले होते आणि लॉट नंबर कोणी टिपून ठेवला नव्हता. त्यामुळे पुरवठादाराला आम्ही माहिती कळवली, आरोप केला नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या रुग्णाचा जंतू टाकणार नाही. आता रक्तातून मिळालेला प्रत्येक जंतू, मग तो कंटॅमिनेशन वाटो वा नसो, ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर किमान वर्षभर ठेवतो. जागेची ओरड होते, पण एका रुग्णाची नळी करंगळीच्या पेराएवढी असते. मार्चमधली नळी हाती असती, तर साखळी नेमकी केव्हा सुरू झाली हे कळलं असतं.

दुसऱ्याच रुग्णाला आयसीयूत जाऊन उभी राहीन, फोनवर इतिहास विचारत बसणार नाही. बर्खोल्डेरियाचे दोन रुग्ण दोन आठवड्यांत दिसले की आधी रुग्णालयातल्या ओल्या वस्तू तपासायच्या, असं आता आमच्या यादीत लिहिलेलं आहे. फेकण्याआधी नमुना घ्यायचा, हेही त्याच ओळीत आहे.

सिक्वेन्सिंग आधी पाठवायला हवं होतं का, यावर मी बराच विचार केला आहे. बाटली काढायला त्या रिपोर्टची गरज पडली नाही, साध्या प्लेटने ते काम केलं. पण तिसऱ्या रुग्णालाच नमुने गेले असते, तर ते दोन जंतू वेगळे आहेत हे एप्रिलमध्येच कळलं असतं आणि कांद्याच्या गोष्टीवरचा आमचा विश्वास तेव्हाच उडाला असता.

नोव्हेंबरमध्ये आणखी एका रुग्णाच्या रक्तात बर्खोल्डेरिया आला. त्याच संध्याकाळी ट्रॉलीवरची पाकिटं, सलाईन, हेपरिन सगळं लेबल लावून माझ्या टेबलावर होतं, सिस्टरनी न सांगता आणलेलं. त्यात काही वाढलं नाही. रुग्णाचा जंतू पुण्याला पाठवला. तो जुन्या वाणाचा नव्हता. त्याची नळी त्याच खोक्यात आहे, आठव्या खाचेत. पहिली खाच रिकामी ठेवली आहे.